सेतु सरांचं तीन हजार फुटांवरचं विमान

फोन आला तेव्हा मी एका विमानाच्या कॉकपिटमध्ये होते आणि माझा फोन खाली हँगरच्या कपाटात. आमच्या कामात तो नियमच आहे. दुपारी उतरून पाहिलं तर मामींचे, म्हणजे सेतु सरांच्या पत्नीचे, तीन कॉल. मामी कधी स्वतः फोन करत नाहीत. काही सांगायचं असलं की त्या सरांना फोन लावायला सांगतात आणि मागून बोलत राहतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला दोघांचंही अर्धं-अर्धंच कळतं. तीनदा त्यांनीच फोन केलेला पाहिला आणि मी लगेच उलट फोन लावला. "तुझे सर गेले गे, अनगा," त्या म्हणाल्या. "सकाळीं काफी घेतली. आज बरी जाहली आहे, आणखी अर्धा टंबलर दे म्हणाले. मी घेऊन आलें तों..."  वाक्य तिथेच सोडून त्यांनी विचारलं, "जेवलीस काय? जेवून ये हो. आज इकडे चूल नाही."

याला आता तीन आठवडे झाले. सेतुमाधव राव चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांच्या मागे मामी आहेत, कॅनडातली मुलगी आहे आणि चेन्नईच्या विमानतळाभोवती काम करणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत, ज्यांच्या हातांना त्यांनी वळण लावलं. सर असताना कुणी लांब चेहरा करून बसलं तर ते विचारायचे, "काय गे, फ्यूज उडाला काय?" म्हणून हे मी शक्य तितक्या सरळ चेहऱ्याने लिहिणार आहे.

मी मिरजेची. डिप्लोमा करून नोकरीसाठी चेन्नईला आले तेव्हा मला तमिळमधले दोनच शब्द येत होते आणि त्यातला एक सांबार होता. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत, पंपाचे सुटे भाग बनवणारं एक युनिट आणि छपाईचं एक युनिट यांच्या मधोमध आमचा छोटा कारखाना होता. विमानांतली उपकरणं तिथे दुरुस्तीला यायची. मुलाखत घ्यायला सेतु सर बसले होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळावर गंधाची बारीक रेघ, खिशाला चार पेनं. माझ्या अर्जावर मिरज वाचून ते एकदम खुलले आणि म्हणाले, "महाराष्ट्रांतून आलीस? मग मराठींत बोलूं कीं!" त्यांनी पुढे जे विचारलं ते मला कळेना. सूर तमिळ, शब्द एखाद्या जुन्या दप्तरातून काढल्यासारखे. मी तीनदा "काय?" म्हणाले. शेवटी त्यांनी तोच प्रश्न इंग्रजीत विचारला, विमान वर चढताना उंचीमापकाच्या आत नेमकं काय होतं, आणि मी उत्तर दिलं. नंतर समजलं की त्यांचं घराणं तंजावरच्या मराठे राजांच्या काळात तिकडे गेलेलं. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. माझी निवड झाली तेव्हा त्यांनी मालकांना सांगितलं म्हणे, "पोरीचा हात चांगला आहे. मराठी तेवढी येत नाही, ती मी शिकवीन."

आणि शिकवलीही. मी "सर, प्रॉब्लेम आहे" म्हणाले की ते "अडचण म्हण" असं बजावायचे आणि पुढच्याच वाक्यात स्वतः "अय्यो, सोल्डर सुटलें पारु" म्हणायचे; पारु म्हणजे तमिळमधलं 'बघ'. त्यांची एकच गोष्ट कुणाला पचायची नाही. दुरुस्तीला आलेल्या पेटीत काही सापडलं नाही की सगळ्या जगातले तंत्रज्ञ कागदावर 'तपासले, दोष नाही' असं लिहून पेटी परत पाठवतात. सर ते वाक्य लिहू द्यायचे नाहीत. 'तपासले, मला दोष सापडला नाही' असं लिहायला लावायचे, 'मला' या शब्दासकट. "पायलट काय खोटें बोलतो? त्यानें पाहिलें, तुज दिसलें नाही. इतकेंच लिही." मालक वैतागायचे. गिऱ्हाइकाला हे वाचून काय वाटेल? सर म्हणायचे, "खरें वाटेल."

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला बसले तो सांगते. त्यासाठी वाचकांना एक साधी गोष्ट ठाऊक हवी. प्रवासी विमानात टक्कर टाळणारी एक यंत्रणा असते. ती सतत आसपास विचारत राहते, "कोण आहे?" आणि जवळच्या प्रत्येक विमानातली एक पेटी, तिला ट्रान्सपॉन्डर म्हणतात, उत्तर देते, "मी आहे, अमुक उंचीवर आहे." दोघं एकमेकांच्या वाटेत येत असतील तर यंत्रणा आधी सावध करते आणि मग हुकूम सोडते, वर चढा किंवा खाली उतरा. त्या हुकमाशी वाद घालायचा नसतो. वैमानिकाला खिडकीतून काही दिसो वा न दिसो, कंट्रोल टॉवर काहीही म्हणो, हुकूम पाळायचा. पाळायला हाताशी जेमतेम काही सेकंदच असतात.

माझ्या नोकरीचं तिसरं वर्ष होतं. चेन्नईवर वळसा घेऊन उतरायला येणाऱ्या एका विमानाला ही यंत्रणा अचानक म्हणाली, खालून एक विमान वर चढत येतंय. वैमानिकांनी पाहिलं, आकाश स्वच्छ. टॉवरला विचारलं, टॉवरलाही काही दिसत नव्हतं. थोड्या वेळाने ते विमान पडद्यावरून आपोआप नाहीसं झालं. त्या यंत्रणेची पेटी काढून आमच्याकडे पाठवली गेली, मी तपासली, काही सापडलं नाही. 'मला' सापडलं नाही, असं लिहून पाठवली. दहा-बारा दिवसांनी दुसऱ्या कंपनीच्या विमानाला तेच. पुन्हा पेटी, पुन्हा काही नाही. कारखान्यात सगळे त्याला भूत म्हणायला लागले. छपाईवाल्यांकडच्या एका कामगाराने तर दाराला बांधायला लिंबू-मिरची आणून दिली. सरांनी ती ठेवून घेतली आणि मिरच्या डब्यातल्या दहीभाताबरोबर खाल्ल्या.

तिसऱ्या वेळी मात्र हसण्यासारखं राहिलं नाही. त्या विमानाला नुसती सावधगिरीची सूचना आली नाही, थेट हुकूम आला, वर चढा. कॅप्टनने हुकूम पाळला आणि विमान वर ओढलं. मागे चहाच्या गाड्या आवरणारी एक हवाई सेविका पडली आणि तिचं मनगट मोडलं. समोर विमान नव्हतंच. दोन दिवसांनी तो कॅप्टन स्वतः गिंडीला आमच्या कारखान्यात येऊन उभा राहिला. सेल्वन नाव, मदुरैकडचा, उंचापुरा, आणि संतापलेला. "या पेटीला काहीच झालेलं नाही असं तुम्ही पुन्हा लिहिणार का?" त्याने विचारलं. सरांनी त्याला बसवलं, काफी मागवली आणि सगळं ऐकून घेतलं. जाताना सेल्वन दारात थांबला आणि शांतपणे म्हणाला, "एक सांगतो. पुढच्या वेळी हे वाजलं की मी आधी खिडकीतून पाहणार. एक सेकंद थांबणार. मग ठरवणार."

तो गेल्यावर सर दारातच उभे राहिले. मला वाटलं, त्यांना त्या मुलीच्या मनगटाचं वाईट वाटतंय. तेही होतंच. पण ते म्हणाले, "ऐकलेंस काय? एक सेकंद थांबेन म्हणाला. अनगा, मनगट जुळेल. हा सेकंद फार वाईट आहे." मग मला म्हणाले की पेट्या सोड, तिन्ही वेळांचं टिपण काढ. मी काढलं. कंपन्या तीन वेगळ्या, विमानं वेगळ्या बनावटीची, पेट्या वेगवेगळ्या कारखान्यांच्या. जागा मात्र एकच, विमानतळाच्या अगदी डोक्यावर. उंची तीन हजार फुटांच्या आसपास. वेळ सकाळी अकरा ते बारा. सरांनी कागदावर बोट ठेवलं. "भूत वर नाही गे. भूत खालीं आहे, जमिनीवर. कुणीतरी खालून उत्तर देतें आहे." विमानतळाच्या कुंपणाजवळ कोण काय वापरतं याची यादी करायचं ठरलं. त्या बाजूला आपण कुणाकुणाकडे काम केलंय हे पाहायला म्हणून त्यांनी स्वतःची कामाची डायरी उघडली, मागची पानं उलटली, आणि त्यांचा हात थांबला.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पानं पुन्हा उलटली. चेहरा पांढरा पडला होता हे मला स्पष्ट आठवतं. मी "सर, काय झालं?" म्हणाले. आणि मग ते हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "भूत सांपडलें गे, अनगा! चष्मा लावतें. सकाळीं मामीच्या हातच्या चार इडल्या खाऊन येतें."

झालं होतं असं. विमानतळाच्या जुन्या बाजूला एक फ्लाइंग क्लब होता. तिथल्या शिकाऊ विमानांच्या ट्रान्सपॉन्डरची ठरावीक मुदतीने तपासणी करायला आमच्याकडून सर स्वतः जायचे. त्या तपासणीत हँगरमध्ये उभ्या असलेल्या विमानाच्या उंचीमापकाला पंपाने फसवायचं असतं. हवा काढत गेलं की त्याला वाटतं आपण वर चाललो. हजार फूट, दोन हजार, तीन हजार. आणि पेटी तीच उंची सगळ्यांना सांगत सुटते. बाहेर कुणी ते ऐकू नये म्हणून विमानाच्या पोटाखालच्या अँटेनावर एक धातूची टोपी बसवतात. सर टोपी न चुकता बसवायचे. पण ती जुनी झाली होती, आतली जोडणी झिजली होती, आणि आवाज बाहेर गळत होता. तिन्ही तारखांना डायरीत त्यांच्याच अक्षरात फ्लाइंग क्लबचं काम लिहिलेलं होतं. "टोपी घातली," सर म्हणाले, "आणि तीन कप्तानांस टोपी घातली!"

पण नुसत्या तारखा जुळल्या म्हणून ते मानणाऱ्यांतले नव्हते. दुसऱ्या दिवशी परवानगी घेऊन, वरून कुठलंही विमान जाणार नाही अशी वेळ टॉवरकडून मागून, आम्ही हँगरवर गेलो. सेल्वनलाही त्यांनी बोलावलं होतं. मी ट्रान्सपॉन्डरची उत्तरं ऐकणारं एक यंत्र घेऊन मैदानाच्या पार टोकाला, भर उन्हात, जाऊन उभी राहिले. सरांनी तीच टोपी बसवली आणि पंप सुरू केला. माझ्या पडद्यावर आकडे चढायला लागले. हजार. पंधराशे. दोन हजार. तीन हजार फुटांवर एक विमान होतं, आणि ते मला समोर हँगरमध्ये दिसत होतं, चाकांखाली लाकडी ठोकळे लावलेलं, पंखावर एक कावळा बसलेला. मी ओरडून आकडा सांगितला. सेल्वन शेजारी उभा होता. त्याने पडद्याकडे पाहिलं, कावळ्याकडे पाहिलं, आणि त्या रागीट माणसाला हसू आवरेना.

आमच्या मालकांना हसू आलं नाही. ते वाईट माणूस नव्हते, घाबरले होते. "राव सर, नवी टोपी घ्या, आजच घ्या. भूत आपोआप बंद होईल. कागदावर कशाला?" त्यांचं म्हणणं खरंही होतं. कुणाला कधीच कळलं नसतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि सरांच्या शिक्क्यावर, म्हणजे दुरुस्ती मंजूर करायच्या त्यांच्या अधिकारावर, तोवर एक डाग नव्हता. मीसुद्धा, आज सांगायला लाज वाटते, मालकांच्या बाजूने बोलले. "सर, तुमची चूक नाहीच ती. टोपी झिजली होती." सर म्हणाले, "टोपी कुणी तपासायची? मीच कीं." मग म्हणाले, "आणि ऐक. भूत उगीच बंद जाहलें, तर सेल्वनचा तो सेकंद तसाच राहील. तो म्हणेल, हें यंत्र कधी कधी खोटें बोलतें. बाकीचेही म्हणतील. त्यांस सांगायला हवें, यंत्र खोटें बोललें नाही. खालून एक म्हातारा बोलला."

त्यांनी अहवाल लिहिला, स्वतःच्या नावाने. विमान वाहतूक खात्याच्या अधिकाऱ्यांनी चौकशी केली आणि सरांचा शिक्का तीन महिन्यांसाठी थांबवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या सहीला किंमत नव्हती.  पहिला आठवडा ते जेवणाचा डबा अर्धा परत न्यायचे, हे मामींनी मला नंतर सांगितलं. मग एका सोमवारी येऊन म्हणाले, "शिक्का नाही म्हणजे हात मोकळे. चला, तुम्हां सर्वांस शिकवतों." माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जास्त शिक्षण त्या तीन महिन्यांत झालं. दुसऱ्या शहरांतल्या हँगरांमधूनही फोन यायला लागले. अहवाल वाचून लोकांनी आपापल्या टोप्या तपासल्या होत्या आणि काहींच्या गळत होत्या. फोनवर सर त्यांना रागवायचे नाहीत. "या, या, आमच्या भुतांच्या संघांत या," म्हणायचे.

त्याच दिवसांत ते मामींना घेऊन त्या हवाई सेविकेकडे गेले. मला बरोबर नेलं, कारण माफी मागताना इंग्रजी अडखळलं तर सांभाळायला कुणीतरी हवं होतं. मुलगी एग्मोरला मावशीकडे राहत होती, हाताला प्लास्टर. मामींनी डबाभर पुरणपोळ्या नेल्या होत्या. तंजावरच्या घरातल्या पुरणात नारळ असतो, आणि ती पोळी चांगली की आमची, यावर माझा त्यांच्याशी कायमचा तह होऊ शकला नाही. सरांनी उभं राहून, हात जोडून, पाठ केलेली इंग्रजी वाक्यं म्हटली. मुलीने सगळं ऐकलं. मग डोळे मोठे करून विचारलं, "म्हणजे अंकल, त्या दिवशी आम्हाला आडवं आलेलं ते विमान... तुम्ही?" सर म्हणाले, "होय. मीच." आणि ती इतकी हसली की प्लास्टरचा हात दुसऱ्या हाताने धरावा लागला. आम्ही निघालो तेव्हा तिच्या मावशीने डबा रिकामा परत द्यायचा नसतो म्हणून त्यात मुरुक्कू, म्हणजे तिकडच्या चकल्या, भरून दिले.

शेवटी सर वैमानिकांसमोर उभे राहिले. सेल्वननेच ती बैठक ठरवली होती. वीस-पंचवीस गणवेशातली माणसं आणि पुढे आमचे सर, चार पेनांसकट. त्यांनी तमिळ आणि इंग्रजी मिसळून सगळा प्रकार सांगितला, कावळ्यासकट. लोक हसले. मग सर म्हणाले, "चूक माझी होती, यंत्राची नव्हती. म्हणून एक मागायला आलोय. पुढच्या वेळी ते बोललं की माझी आठवण काढू नका. थांबू नका." पुढच्या रांगेत सेल्वन बसला होता. सरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, पण त्याला ते कळलं होतं.

पुढच्या वर्षी एका दुपारी सेल्वन कारखान्यात आला. हातात तिरुनेलवेली हलव्याचा डबा. हैदराबादकडून येताना, ढगात, यंत्रणेने हुकूम दिला होता, खाली उतरा. "मी उतरलो," तो म्हणाला. "खिडकीतून पाहिलं नाही, सर. पाहिलं असतं तरी ढगच होते. थोड्या वेळाने ढग फाटले आणि ते दुसरं विमान वरून गेलं. खरं होतं. त्याच्या पोटावरची अक्षरं वाचता येत होती." एवढं बोलून तो उंचापुरा माणूस खुर्चीत बसला आणि त्याला पाणी द्यावं लागलं. विमानात किती माणसं होती हे त्याने सांगितलं नाही, आणि आमच्यापैकी कुणी विचारलंही नाही. सरांनी हलव्याचा डबा उघडला, सगळ्यांना दिला, स्वतः दोनदा घेतला. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन एकटेच उभे राहिले. मी गेले तर म्हणाले, "हलवा फार तुपकट आहे गे. डोळ्यांत पाणी आलें." तुपाने डोळ्यांत पाणी येतं हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानंतर सेल्वन आणि सर यांची दोस्ती झाली ती शेवटपर्यंत. निवृत्तीनंतर सर आदंबाक्कमच्या फ्लॅटमध्ये असत. मी नोकऱ्या बदलल्या, लग्न केलं, नवऱ्याची नोकरी ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात म्हणून तिकडे राहायला गेले, पण महिन्यातून एकदा तरी त्यांच्याकडे जाणं व्हायचंच. सेल्वनही तिथे भेटायचा. तो आता निवृत्त झालाय आणि अंत्यविधीच्या दिवशी सर्वांत आधी पोचला होता तो.

गेल्या रविवारी मी मामींकडे गेले होते. मुलगी परत कॅनडाला गेलेली, घर जरा मोठं वाटत होतं. सरांच्या खोलीत आम्ही दोघी कपाट आवरत बसलो होतो आणि मामी मला त्यांच्या लग्नाची हकीकत सांगत होत्या. सर तेव्हा इतके लाजाळू होते की मुलगी पाहायला आले आणि तिच्या बापाच्या बिघडलेल्या रेडिओशीच दोन तास बोलत बसले. "शेवटीं माझ्या अप्पांनी विचारलें, मुलगी पसंत आहे कीं..." एवढ्यात खाली कुणाच्या तरी गाडीचा अलार्म वाजायला लागला. चेन्नईत दिवसातून दहादा कुठे ना कुठे वाजतो. कुणी मानही वर करत नाही. समोरच्या गॅलरीतला माणूस पेपर वाचत राहिला. मामी मात्र बोलता बोलता थांबल्या. हातातला शर्ट बाजूला ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या, चपला घातल्या.

"मामी, कुठे निघालात? आपोआप बंद होईल तो."

"होईल. हेही असेच उतरत, इतकीं वर्षें. मी रागें भरत असें." त्या जिन्याकडे वळल्या. "चल, पाहून येऊं."

दोन मजले उतरून गेलो. नारळाची एक सुकी झावळी गाडीच्या काचेवर पडली होती. बाकी काही नव्हतं. मामींनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं, झावळी ओढून भिंतीशी ठेवली. जरा वेळाने आवाज थांबला. मग आम्ही पुन्हा दोन मजले चढलो. मामींना दम लागला होता. त्या बसल्या, पाणी प्यायल्या, शर्टाची घडी पुन्हा हातात घेतली आणि जिथे थांबल्या होत्या तिथूनच पुढे म्हणाल्या, "...तर हे म्हणाले, रेडिओ दुरुस्त जाहला आहे."